पावती नसलेला काटा

स्थानिक निवडणुकांची चर्चा सुरू होती तेव्हा मी पिंपळीला घरी आलो होतो. माझा चुलतभाऊ बावीस वर्षांचा, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. मी सहज विचारले, "मतदार यादीत नाव आहे ना तुझं?" तो म्हणाला, "नाव असून काय करायचं, भाई? बटण कुठलंही दाबा, मत जायचं तिथंच जातं." शेजारी बसलेल्या चाचांनी मान डोलावली. अब्बा मात्र चिडले. "शिक्का मारायच्या काळात काय सगळे साधू होते का? पेट्या पळवायचे लोक!" मग तिघेही माझ्याकडे वळले. "तू सॉफ्टवेअरवाला आहेस ना, तूच सांग. मशीन हॅक होतं का?"

त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर इथे देतो, कारण हा प्रश्न फक्त माझ्या ओट्यावर विचारला जात नाही. आपल्या मोहल्ल्यांत, जमातीच्या बैठकांत, व्हॉट्सॲपच्या गटांत तो रोज विचारला जातो आणि त्याला दोनच उत्तरे मिळतात. एक गट म्हणतो, सगळे आधीच ठरलेले आहे. दुसरा म्हणतो, यंत्रात खोट काढणे म्हणजे देशावर अविश्वास. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. पहिल्याला पुरावा नको आहे, दुसऱ्याला प्रश्न नको आहे.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला खरे तर हा विषय समजावून सांगावा लागू नये. 'काटामारी' हा शब्द आपणच मराठीला दिला आहे. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढते, आकडा पडतो आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण काट्यावर संशय आला तर त्याच्याकडे उपाय असतो. तो गाडी आधी दुसऱ्या काट्यावर वजन करून आणू शकतो. दोन्ही पावत्या शेजारी ठेवून भांडू शकतो. वैधमापन खात्याकडे तक्रार करू शकतो. ऊस त्याचा, गाडी त्याची, पावतीवर नाव त्याचे. काटा मारला गेला तर तो पकडता येतो, कारण वजन पुन्हा करता येते.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चमूत होतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, आणि दहा दिवसांनी बिल. एकदा मी केलेल्या दुरुस्तीनंतर 47 आणि 047 हे दोन वेगळे सभासद क्रमांक प्रणालीने एकच धरले. एका घरचे दूध दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ लागले. आमच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या. एकूण दूध बरोबर, एकूण रक्कम बरोबर, अहवाल सुंदर. बिल निघेपर्यंत कुणाच्या काही लक्षात आले नाही. चूक सापडली ती एका बाईंमुळे. त्यांनी रोजच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या. ती तार घेऊन त्या केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, "ह्यातली बेरीज करा आणि मग मला सांगा." बेरीज केली. चूक माझी निघाली.

त्या चुकीत कुणाचा डाव नव्हता. मी प्रामाणिक होतो, मला तपासणारे प्रामाणिक होते. तरीही आकडा खोटा होता आणि तो पकडला कागदाने.

मग मतदारालाही अशी पावती घरी का देत नाहीत? कारण ती पावती संध्याकाळी कुणीतरी मागेल. सावकार मागेल, मुकादम मागेल, गावचा पुढारी मागेल, घरातला मोठा भाऊ बायकांकडून मागेल. पाचशे रुपये देणारा आधी पावती बघेल, मग पैसे देईल. आपण कुणाला मत दिले हे दुसऱ्याला सिद्ध करून दाखवता येता कामा नये, तरच मत मोकळे राहते. आपल्या समाजाला 'एकगठ्ठा मते' म्हणून हिणवले जाते. त्या समाजातल्या बाईला पडद्यामागे घरच्यांच्या मर्जीविरुद्ध बटण दाबता येते, ते या गुप्ततेमुळे.

अवघडपणा नेमका इथे आहे. मतदान यंत्राला दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात. माझे मत बरोबर मोजले गेले याची मला खात्री पटली पाहिजे, आणि ते मत कुणाचे हे कुणालाही, अगदी यंत्र बनवणाऱ्यालाही, कळता कामा नये. "फोनपेवर कोट्यवधींचे व्यवहार होतात, मग मोबाईलवरून मतदान का नको?" असे माझे काही सहकारीही विचारतात. बँकेच्या प्रत्येक व्यवहारावर नाव असते. पासबुकात चुकीची नोंद दिसली तर तुम्ही भांडता, बँक तपासते, रक्कम परत येते. मतपेटीला पासबुक नाही. तिथे चोरी झाली तर कुणाचे चोरले हेसुद्धा कळत नाही. शिवाय मोबाईलवरचे मत पडद्यामागे नसते. ते घरात, चार माणसांच्या देखत दिले जाते.

"पण यंत्राची चाचणी करता येते ना?" येते, आणि करावीच. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचे अभिरूप मतदान होते. पण जे सॉफ्टवेअर लिहितात त्यांना ठाऊक असते की चाचणीने चूक आहे एवढेच सिद्ध होते, चूक नाही हे सिद्ध होत नाही. मुद्दाम केलेली खोडी तर चाचणी ओळखून गप्प बसू शकते. काटा मारणारासुद्धा तपासनीस आल्यावर काटा सरळच ठेवतो. मग सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर जाहीर केला तर? तेही करावे, पण तेवढ्याने भागत नाही. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की मूळ मजकूर स्वच्छ असला तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामातच खोट लपवता येते. मजकूर कितीही वाचा, खोट दिसणार नाही. कागदावरचा नकाशा तपासला म्हणजे त्याप्रमाणेच घर बांधले असे होत नाही.

आपल्या यंत्राबद्दल जे चांगले आहे तेही सांगितले पाहिजे. ते इंटरनेटला जोडलेले नसते. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. कोणत्या मतदारसंघात कोणते यंत्र जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक ठरते. प्रत्येक यंत्रात मोजकीच मते असतात, त्यामुळे एका ठिकाणी बसून राज्यभराचा निकाल फिरवणे सोपे नाही. "ईव्हीएम ब्लूटूथने हॅक केले" असा व्हिडिओ तुमच्या गटात आला तर तो पुढे पाठवू नका.

2024 च्या लोकसभेत मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले. लगेच 'मोबाईलच्या ओटीपीने ईव्हीएम उघडले' अशी बातमी देशभर फिरली. ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही, ती बातमी छापणाऱ्या दैनिकाला चूक कबूल करावी लागली. आकडे पाहिले तर यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. निकाल फिरला तो टपाली मतपत्रिकांवर, म्हणजे कागदावर. ज्याला खरोखर प्रश्न विचारायचे होते त्याने टपाली मतांच्या तपासणीबद्दल विचारायला हवे होते. आपण ओटीपीच्या मागे धावलो.

पण "यंत्र म्हणजे साधा कॅल्क्युलेटर, त्याला कुठला पक्ष कुठे हे कळतच नाही" हे दुसऱ्या बाजूचे वाक्यही आता पूर्ण खरे राहिलेले नाही. व्हीव्हीपॅट आल्यापासून उमेदवारांची नावे, क्रमांक आणि चिन्हे मतदानाच्या काही दिवस आधी एका उपकरणातून त्यात भरली जातात. बॅलट युनिट आणि कंट्रोल युनिट यांच्या मध्ये हे व्हीव्हीपॅट जोडलेले असते. म्हणजे साखळीत एका जागी 'कोण कुठे आहे' ही माहिती येतेच. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. पण चिन्हे भरणारी ती उपकरणे निकालानंतर 45 दिवस सीलबंद ठेवा, असेही त्याच निकालात सांगितले. धोका अजिबातच नसता तर हा आदेश कशाला?

आणि ज्यांनी यंत्र उघडून पाहिले त्यांचे काय झाले? 2010 मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंग्राइप यांनी खऱ्या भारतीय ईव्हीएमवर दोन हल्ले करून दाखवले. एकात निकाल दाखवणारा पडदाच बदलला, दुसऱ्यात स्मृतीच्या चिपवर छोटे उपकरण चिकटवून मते बदलली. दोन्हींसाठी यंत्र प्रत्यक्ष हातात असावे लागते, हे त्यांनीही सांगितले. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून आले होते. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई पोलिसांनी हरी प्रसाद यांना अटक केली. आमच्या व्यवसायात खोट दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायची पद्धत आहे, कारण तो चोराच्या आधी पोचलेला असतो. यंत्र गोदामाबाहेर गेले कसे, हा प्रश्न राखणदाराला आधी विचारायला हवा होता.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅट आवश्यक ठरवले आणि 2019 च्या लोकसभेला ते सगळीकडे लागले. सात सेकंद चिठ्ठी काचेतून दिसते आणि पेटीत पडते. घरी नेता येत नाही, म्हणून गुप्तताही टिकते. हा त्या बाईंच्या तारेवरच्या पावत्यांचाच प्रकार, फक्त तार सरकारच्या ताब्यात. कल्पना उत्तम आहे. पण त्या पावत्यांची बेरीज कुणी करतो का? एका विधानसभा क्षेत्रात फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. उरलेल्या पेट्या सील होतात.

पाच पुरेशा आहेत का, हे शाळेच्या गणिताने तपासता येते. समजा मतदारसंघात 300 केंद्रे आहेत आणि त्यातल्या 30 यंत्रांत, म्हणजे दहातल्या एकात, गडबड आहे. चिठ्ठ्या टाकून पाच निवडली तर त्यात एक तरी खराब यंत्र येण्याची शक्यता साधारण 41 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा गडबड सुटून जाईल. ती 95 टक्के खात्रीने पकडायची तर 27-28 केंद्रे मोजावी लागतील. आता नोव्हेंबर 2024 ची मालेगाव मध्यची लढत आठवा. निकाल 162 मतांचा. तिथे गडबड झाली असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण एवढ्या फरकाचा निकाल फिरायला एका यंत्रातली 82 मते इकडची तिकडे होणे पुरेसे असते, आणि 300 तले ते एक यंत्र पाचच्या सोडतीत येण्याची शक्यता दोन टक्केही नाही. लाखाच्या फरकाला पाच केंद्रे चालतील. 162 च्या फरकाला पाच केंद्रे म्हणजे देखावा. किती मोजायचे हे फरकावर ठरले पाहिजे. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात 2017 पासून अशा पद्धतीने कागदी मतांची तपासणी होते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

आता मारकडवाडीकडे येऊ. इंदापूर तालुक्यातून नीरा ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. त्यातले हे गाव. 2024 च्या विधानसभेत माळशिरसमधून उत्तम जानकर जिंकले, पण मारकडवाडीत त्यांना 843 आणि राम सातपुते यांना 1003 मते दाखवली गेली. गावातल्या एका गटाला हे पटेना. त्यांनी 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान थांबले, गुन्हे दाखल झाले.

मी गावकऱ्यांना दोष देत नाही, पण खरे बोलायचे तर त्या फेरमतदानाने काहीही सिद्ध झाले नसते. दोन आठवड्यांनी, गावच्या चर्चेनंतर, वेगळ्या माणसांनी, बघ्यांच्या गर्दीत दिलेले मत हे आधीच्या मताचा पुरावा होत नाही. तो दुसरा ऊस दुसऱ्या दिवशी तोलणे झाले. पण प्रशासनाला मी त्याहून मोठा दोष देतो. मारकडवाडीच्या खऱ्या मतांच्या चिठ्ठ्या पेट्यांत होत्या. एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायला साधारण तासभर लागतो. अर्ध्या दिवसात सगळ्यांसमोर मोजल्या असत्या तर एका बाजूला कायमचे गप्प बसावे लागले असते. गावाने कागद मागितला आणि सरकारने पोलीस पाठवले. नंतर सांगण्यात आले की राज्यभरातल्या 288 मतदारसंघांतल्या 1440 व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. पण सोडतीत दुसऱ्यांच्या गाड्या बरोबर निघाल्या म्हणून माझ्या गाडीचे वजन पुन्हा करायचे नाही, हा युक्तिवाद ऊसपट्ट्यात कुणी ऐकून घेत नाही.

निवडणूक नियमांतल्या 56-ड प्रमाणे उमेदवार चिठ्ठ्या मोजण्याची मागणी करू शकतो, आणि यंत्र व चिठ्ठ्या यांत फरक आला तर चिठ्ठ्या ग्राह्य धरल्या जातात. म्हणजे कायद्यानेही कागद मोठा मानला आहे. पण मोजायचे की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. आणि मतदाराला काय अधिकार? चिठ्ठीवर दुसरेच चिन्ह दिसले असे म्हणायचे तर आधी लेखी हमीपत्र द्यायचे, मग चाचणी मत टाकायचे. त्यात तक्रार खोटी ठरली तर गुन्हा. यंत्र एकदाच चुकून दुसऱ्यांदा बरोबर वागले तर गुन्हेगार मतदार. आमच्या गल्लीतला कोणता मुसलमान पोरगा पोलिसांसमोर ही हिंमत करील?

यंत्र निर्दोष असले तरी माणसे चुकतात, हे हरियाणाने दाखवले. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात 2022 मध्ये सरपंच निवडला गेला. एका केंद्रावर दोन उमेदवारांच्या मतांची अदलाबदल नोंदली गेली होती. वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाच्या आवारात यंत्रे आणून मोजणी झाली आणि निकाल 51 मतांनी उलटा लागला. चूक माझ्या 47 आणि 047 सारखीच. फिर्यादी चिकट होता आणि यंत्रे जपून ठेवलेली होती, म्हणून न्याय मिळाला, तोही पावणेतीन वर्षांनी.

आता सगळ्यात जवळचा मुद्दा. जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत या निवडणुकांत फरक दहा-वीस मतांचा असतो. कब्रस्तानची भिंत, गटार, उर्दू शाळेची खोली, पाण्याची लाईन हे सगळे तिथेच ठरते. आणि याच निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरणार नाही, असे राज्य निवडणूक आयोगाने 2025 मध्ये सांगितले. एका प्रभागात अनेक जागा असल्याने तसे यंत्र नाही, ही अडचण सांगितली गेली. अडचण खरी असेल. पण ज्या काट्याला पावतीच नाही तो काटा वापरायचा कशाला? यंत्र तयार होईपर्यंत कागदी मतपत्रिका वापरा. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 3 मार्च 2009 रोजी सांगितले की मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. नेदरलँड्सनेही यंत्रे बाजूला ठेवून कागद परत आणला. हे देश तंत्रज्ञानात मागे आहेत असे कुणी म्हणेल का?

माझ्या मागण्या चार आहेत. कागद नसेल तिथे यंत्र नको. चिठ्ठ्या किती मोजायच्या हे विजयाच्या फरकावर ठरवा, आणि गावाने मागणी केली तर त्या गावाच्या मोजा. स्वतंत्र तज्ज्ञांना यंत्र तपासू द्या, अटकेची भीती न दाखवता. आणि केंद्रनिहाय आकडे जाहीर करणे थांबवून अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर यंत्र आणा, कारण आज कोणत्या मोहल्ल्याने कुणाला मत दिले हे पुढाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळते आणि पुढची पाच वर्षे त्याचा हिशेब चुकता होतो. विधी आयोगाने 2015 मध्येच ही शिफारस केली आहे. केंद्रनिहाय आकडे गेले तर मारकडवाडीसारखा संशय कसा तपासणार, असे कुणी विचारील. उत्तर तेच: पुरेशा चिठ्ठ्या मोजून.

आणि आपल्याकडून? भाषणे पुष्कळ झाली. आपल्या किती केंद्रांवर आपले मतदान प्रतिनिधी सकाळच्या अभिरूप मतदानाला हजर असतात? संध्याकाळी नमुना 17-क ची प्रत, ज्यावर एकूण किती मते पडली ते लिहिलेले असते, ती किती जण मागून घेतात? मोजणीच्या दिवशी ती प्रत यंत्राच्या आकड्याशी कोण ताडून बघतो? यादीत नाव आहे का, हे आधी कोण बघतो? ज्याने यातले काहीच केले नाही त्याला 'मशीन हॅक झालं' म्हणायचा अधिकार कमीच आहे.

माझ्या चुलतभावाला मी शेवटी एवढेच म्हणालो: मशीन चोरी करते की नाही हे मला ठाऊक नाही, पण तू घरी बसलास तर चोरी करायची गरजच उरत नाही. तुझे मत तूच टाकून दिलेस. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि ती पावती? ती कोण मागणार?" मी त्याला 17-क नमुना कसा दिसतो ते मोबाईलवर दाखवले. पुढच्या निवडणुकीत आमच्या केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसायला तो तयार झाला आहे. चाचांनाही आम्ही विचारणार आहोत.